एक भागिले सात

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी मला तीनच प्रश्न विचारले. इस्त्री वापरता का? वापरत असाल तर किती वाजता? आणि ती लावायच्या आधी भिंतीवर तीनदा ठोकाल का? गाव कोणतं, आडनावावरून कोण, एकटी बाई एवढ्या लांब कशाला आली, हे मानवत गावातल्या बाकीच्या घरमालकांनी खोदून खोदून विचारलेलं काहीही त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. माणूस विक्षिप्त दिसतोय, पण आपल्या सोयीचा विक्षिप्त आहे, असं मनाशी म्हणून मी होकार दिला आणि त्याच संध्याकाळी बॅगा घेऊन आले.

मी साताऱ्याकडची. इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली म्हणून आलेली. स्वभावानं तापट, आणि विजेच्या बाबतीत अडाणी. पहिल्याच आठवड्यात उशीर झाला म्हणून मी न ठोकता इस्त्री लावली. भिंतीपलीकडं "अरारारा" झालं आणि अर्ध्या मिनिटात काका दारात. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर बंडी, कपाळावर सरकवलेला चष्मा, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"मॅडम, ठोकलं न्हाई तुमी."

"विसरले हो. एवढं काय बिघडलं?"

"व्होल्टेज पडलं ना आमचं. म्हातारं मशीन, आता कुठं उठून बसलं होतं बिचारं. खाटेवरून असं ढकलून देतेत का कुनाला?"

मला हसू आवरेना. ते मात्र हसत नव्हते. मग मला आत बोलावून त्यांनी ते म्हातारं माणूस दाखवलं. टेबलावर ठेवायचा जुना कॅल्क्युलेटर. मिठाईच्या दोन किलोच्या खोक्याएवढा, भरभक्कम, मागं जाड वायर. वरच्या काळ्या काचेआड बोटाएवढ्या काचेच्या ट्यूब ओळीनं उभ्या, एका आकड्याला एक. बटण दाबलं की ट्यूबमध्ये हिरवट निळा आकडा पेटायचा. मी खिशातला मोबाइल काढून म्हटलं, यातही आहे की कॅल्क्युलेटर.

"त्याच्यात आकडा लिवून येतो," काका म्हणाले. "ह्याच्यात पेटतो."

एकेकाळी काका जिल्ह्यातल्या कचेऱ्यांचे आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांचे टाइपरायटर नि कॅल्क्युलेटर दुरुस्त करत एसटीनं फिरायचे. मग ती यंत्रंच संपली. त्यांना बोलावणारं कुणी उरलं नाही, पण त्यांनी पिशवी काही खाली ठेवली नाही. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या भंगारात जुना कॅल्क्युलेटर आहे असं कळलं की निघालेच. दुरुस्त करायचे आणि ज्याचा त्याला परत देऊन यायचे. घेणाऱ्याला बहुतेक वेळा तो नकोच असायचा. काकांना त्याचं काही वाटत नसे. चालतंय ना, मग झालं.

कापसाच्या हंगामात मानवतभर रुईचे तंतू उडतात. दाराच्या कड्यांवर, झाडांवर, चहाच्या कपातसुद्धा. त्या दिवसांत काका प्रत्येक मशीनवर ओलं फडकं टाकून ठेवायचे आणि दिवसातून चारदा ती फडकी पिळायचे. स्वतःची बंडी मात्र तीन-तीन दिवस तीच.

खरी अडचण ट्यूबची होती. आतली वायर, चकती, बटण, सगळं काका कशाचंही करून बसवायचे, पण ट्यूब घरी बनवता येत नाही आणि आता ती कुणी बनवतही नाही. दुकानात ट्यूब मागितली की माणूस सायकलची आणून ठेवायचा. म्हणून त्यांनी एका पुठ्ठ्यावर ट्यूबचं चित्रच काढून घेतलं होतं, खालच्या तारा मोजून. ते चित्र परभणीच्या भंगारवाल्यांमध्ये इतकं प्रसिद्ध होतं, की काका दिसले की ते लांबूनच नकाराचा हात हलवायचे.

ट्यूब ओळखायला त्यांनी मला शिकवलं. काचेच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो चकाकत असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरलेली नाही, ट्यूब जिवंत. दुधासारखा पांढरा पडला असेल तर संपली. मग तपासणी. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी एक टॉर्चचा सेल आणि तीन चौकोनी बॅटऱ्या बसवल्या होत्या. ट्यूबच्या तारा त्याला लावायच्या आणि डोक्यावरून दस्ती ओढून अंधार करायचा. हातरुमालाला इकडं दस्ती म्हणतात, पण काकांची दस्ती चांगली उपरण्याएवढी होती. एकदा भर बाजारात ते असे दस्तीखाली डोकं घालून बसले, तर दोन बाया समोर येऊन बसल्या. त्यांना वाटलं, महाराज भविष्य बघायलेत. काकांनी दस्तीतून तोंड काढून "काय न्हाई हो, मेलेली हाय" असं म्हटल्यावर त्यातली एक बाई घाबरून उठलीच.

आणि हे बघा, असं करत ते मला मशीनचं आयुष्य वाचून दाखवायचे. उजवीकडच्या ट्यूब मंद झालेल्या असतात, कारण एकं-दहम् रोज लागतात. सगळ्यात डावीकडची मात्र कोरी करकरीत.

"एवढा मोठा आकडा आपल्याकडं कुनाचा येतो मॅडम?" ते म्हणायचे. "डावीकडच्या ट्यूबा नुसत्याच बसून खातेत. म्हणून उजवीकडची मेली की डावीकडची तिथं आणून बसवायची."

शून्य जास्त वापरलेल्या ट्यूबमध्ये मधली आडवी रेघ तेवढी ठळक राहते, कारण शून्यात ती रेघ पेटत नाही. हे मला इतकं आवडलं, की मी वर्गात सांगितलं. वर्गाला काही ते आवडलं नाही.

काकांचा एक नियम होता. चालत्या मशीनची ट्यूब काढायची नाही. "जित्याचा डोळा काढायचा न्हाई," हे त्यांचं वाक्य. या नियमापायी त्यांनी काय काय घालवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. देवगाव फाट्याजवळ एका माणसाच्या जुन्या वजनकाट्यावर त्यांना हव्या होत्या तशाच ट्यूब होत्या. तो माणूस नवा काटा घेणारच होता. म्हणाला, काढून न्या आत्ताच. काका म्हणाले, बंद पडल्यावर निरोप द्या. दोन महिन्यांनी काट्यासकट सगळं भंगारात गेलं आणि तो ट्रक कुठल्या जिल्ह्यात गेला ते फाट्यावरच्या कुणालाच सांगता आलं नाही. मी घरी येऊन इतकी भांडले, की काका त्या दिवशी भिंतीपलीकडं रेडिओसुद्धा हळू लावून बसले.

माझ्या भांडण्याला कारण होतं. त्या ट्यूब आक्कांसाठी हव्या होत्या.

आक्का म्हणजे काकांबरोबर राहणारी त्यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेल्यावर तिनं कालव्याच्या कचेरीत नोकरी धरली, भावाला वाढवलं, मेकॅनिकचं काम शिकायला पाठवलं. त्या गडबडीत तिचं लग्न राहिलं, आणि तिचं राहिलं म्हणून यानंही केलं नाही. कचेरीत आक्कांच्या टेबलावर असाच एक कॅल्क्युलेटर होता. दिवसभर पाण्याचे आकडे बेरजेला लावायचे. जेवणाच्या सुटीत मात्र साहेब बाहेर गेले, की आक्का एकाला सातानं भागून बघायच्या. एक चार दोन आठ पाच सात, आणि पुन्हा एक. हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. एक दिवस सहज दाबलं आणि दिसलं.

"दोनाला भाग, तिनाला भाग, तेच सहा आकडे गं पोरी," त्यांनी मला सांगितलं होतं. "नुसते फेर धरतेत. मी एवढी हरकले, पन सांगू कुनाला? हापिसात समदे गडीमानूस."

कचेरीनं जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा काकांनी तेच मशीन बहिणीसाठी घरी आणलं. आठ ट्यूबचं. वर्षानुवर्षं चाललं. मग एकेक ट्यूब जायला लागली. काका डावीकडची उजवीकडं आणत गेले, आणि मी राहायला गेले तेव्हा उजव्या हाताच्या फक्त तीन उरल्या होत्या. एक भागिले सात केलं की पाचशे एकाहत्तर दिसायचं, आधीचं सगळं अंधारात. आक्का हार मानणाऱ्या नव्हत्या. दोनाला सातानं भागलं की शेवटी एकशे बेचाळीस यायचं, चाराला भागलं की दोनशे पंच्याऐंशी. असे तीन-तीन आकडे बघून त्या मनात जोडायच्या.

त्यातच, मी यायच्या आधीच, आक्कांचे डोळे गेले होते. पूर्ण नाही, मधलं जायला लागलं. माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेची भिंत दिसते, असं काहीतरी. छापलेलं वाचता येईना. लाल आकडे दिसेनात, नारिंगीही नाहीत. काकांच्या फळीवर आणखी मशीनं होती, पण त्यांचे आकडे असे लाल, ज्वारीच्या दाण्याएवढे. दार लावून अंधार केला आणि नाक काचेला टेकवलं की त्या मोठ्या हिरव्या ट्यूबचा आकडा तेवढा आक्कांना वाचता यायचा. त्या वर्षी पावसाळा लागताना परभणीच्या डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, येत्या उन्हाळ्यानंतर हेही दिसेल असं धरून चालू नका. आक्कांना ते ऐकू आलंच. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बापू, एक डाव सबंध बगायचंय रे मला. तुकडे तुकडे न्हाई. शून्यापासून सबंध."

तेव्हापासून काका ट्यूबच्या मागं लागले होते. पाच ट्यूब. जगात कुठं तरी असतील.

मीही माझ्या परीनं हातपाय मारले. इंटरनेटवर परदेशातला एक विकणारा सापडला. काकांना न सांगता मी पाच ट्यूब मागवल्या. दीड महिन्यानं खोका आला. मी तो वाजतगाजत काकांच्या टेबलावर ठेवला. काकांनी एकेक ट्यूब कापसातून काढली, उजेडाकडं धरली, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "लय भारी माल हाय मॅडम. निवांत बसवतो." मी आनंदात कॉलेजला गेले. आठवडा गेला, दोन गेले. शेवटी मी आक्कांना विचारलं.

"आगं, पांढऱ्या पडलेल्या हायत त्या," आक्का म्हणाल्या. "पाची. तुला वाईट वाटंल म्हणून बोलंना गेलाय. डबी कपाटात ठिवलीय, देवाच्या फोटोच्या मागं."

मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. डागाचं मला शिकवलेलं होतं. मी खोका उघडून बघितलासुद्धा नव्हता.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांची सासुरवाडी ताडकळसची. ते सांगत होते, की खंडेनवमीला त्यांच्या सासरी वजनमापांबरोबर एका कॅल्क्युलेटरचीही पूजा होते. बंदच आहे, पण बायकोच्या आजोबांचा आहे म्हणून पाटावर मांडतात. मी त्यांना काळी काच, काचेमागच्या नळ्या, सगळं विचारलं. सर म्हणाले, तसाच असावा बहुतेक. येत्या बाजाराच्या दिवशी काका नि मी परभणीला एसटी बदलून ताडकळसला गेलो. पिशवीत बिस्किटाचा डबा, छोटी कात्री, डाख द्यायची कांडी, आणि ट्यूब बांधून आणायला माझा जुना स्वेटर.

सरांच्या आजेसासूबाई पंच्याऐंशीच्या असतील. आम्ही आल्याचं कारण सरांनी फोनवर सांगितलेलं होतं. त्यांनी चहा दिला, आणि नातसुनेला सांगून मशीन आणवलं. वर झेंडूची वाळलेली माळ. हळदीकुंकवाचे इतके थर, की बटणांवरचे आकडेच दिसेनात. पण काकांनी दस्तीनं काच पुसली आणि मी पुढं सरकले. तेच मशीन. आक्कांचंच जणू. आठ ट्यूब, आठही चंदेरी.

"मालक गेले आन म्होरल्याच साली हे बंद पडलं," आजीबाई म्हणाल्या. "आमी म्हणलं, गेलं त्येंच्याच मागं. तुमच्या बहिनीचं ऐकलं मी. न्या तुमी आतलं. हळदकुंकू वरूनच लावायचं असतंय, देव काय उघडून बगतोय का आत काय हाय म्हणून?"

काकांनी मशीन उघडलं. दस्तीखाली डोकं घालून एकेक ट्यूब डब्याला लावून पाहिली. दर वेळी आतून "हाय" असा आवाज यायचा. आठ वेळा आला. मी स्वेटर पसरून बसले. माझ्या डोळ्यांपुढं घरी काच उजळल्यावर आक्का कशा बघतील तेच येत होतं.

काकांनी डाख द्यायची कांडी मात्र गरम करायला लावलीच नाही. ते मशीनमध्ये डोकावून बसले. बोट फिरवलं, वास घेतला. मग सुरू करायच्या बटणाच्या पितळी पट्ट्यांपाशी थांबले. मीही वाकून बघितलं. बटणाच्या फटीतून वर्षानुवर्षं आत गेलेलं हळदकुंकू तेलात कालवून त्या पट्ट्यांवर घट्ट बसलं होतं. पट्टीला पट्टी टेकतच नव्हती. बाकी मशीनला काहीही झालेलं नव्हतं.

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं ते काय करणार आहेत.

"काका, नको," मी हळू आवाजात म्हटलं. "त्यांच्या लेखी ते गेलेलंच आहे. त्या स्वतः देतायत."

"त्येंना माहीत न्हाई. मला माहीत झालं ना."

"आक्कांचं काय? उन्हाळा किती लांब आहे?"

काकांनी ब्लेड काढलं. त्याच्या टोकानं ते पट्ट्या खरवडायला लागले. दहा मिनिटं लागली. मग वीज एकदम अंगावर येऊ नये म्हणून मध्ये एक बल्ब जोडून त्यांनी ती जपून दिली, थोडा वेळ वाट पाहिली, बल्ब काढला, बटण सरकवलं. काळ्या काचेआड उजव्या कोपऱ्यात हिरवं शून्य पेटलं.

आजीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आधी हात जोडले. मग विचारलं, "काय झालं हुतं त्याला?"

"काय न्हाई, जरा धूळ बसली होती," काका म्हणाले.

आजीबाई जवळ आल्या. बोट पुढं केलं, मागं घेतलं. "मला कधी हात लावू दिला न्हाई त्येंनी ह्याला. बिघडवशील म्हणायचे. पुजा करायची तेवढी." मग त्यांनी नऊवर बोट ठेवलं आणि काचेत नऊ पेटल्यावर असं दचकून हात काढला, की सगळे हसले. सगळे म्हणजे मी सोडून.

येताना एसटीत मी काकांशी एक शब्द बोलले नाही. परभणीला गाडी बदलली, तरी नाही. मानवतच्या जवळ आल्यावर तेच म्हणाले, "मॅडम, तुमी रागावलात ते बरोबर हाय." त्यावर भांडता येईना, म्हणून मी आणखीच चिडले.

आक्का ओट्यावर बसून होत्या. "मिळाल्या?"

"जितं निघालं," काका म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

आक्कांनी त्यांच्याकडं तोंड वळवलं. "चालायलंय?"

"चालतंय."

"आठी पेटतेत?"

"आठी."

"मग मला न्या की तिकडं."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. चार-पाच महिने आम्ही ट्यूब आक्कांकडं आणायच्या मागं होतो. आक्कांना ट्यूबकडं न्यावं, हे ना मेकॅनिकच्या डोक्यात आलं ना मास्तरणीच्या. आमचंही अगदीच चुकलं असं नाही. डोळे गेल्यापासून आक्कांनी चार वर्षांत दवाखाना सोडून उंबरा ओलांडला नव्हता. लोकांसमोर चाचपडत चालायची त्यांना लाज वाटायची. लग्नांना नाही, मयतीला नाही, शेजारी हळदीकुंकवाला नाही. त्या ताडकळसला जाते म्हणतील, असं कुणाला वाटलं असतं?

रविवारी जीप ठरवली. आक्कांनी कचेरीत नेसायच्या तसली इस्त्रीची सुती साडी नेसली होती. साडीला इस्त्री मीच करून दिली, भिंतीवर तीनदा ठोकून. गाडीत त्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि काका माझ्याशेजारी मागं. वाटेत काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, मला एकच भीती वाटायलीय. तिला ते आकडे पाठ हायत. दिसलं न्हाई तरी ती घडाघडा म्हणून दाखवंल, मला बरं वाटावं म्हणून. मला कसं कळावं, खरंच दिसलं का ते?"

मी त्यांच्या जागी असते तर मलाही हाच प्रश्न पडला असता. आक्का तसं करू शकल्या असत्या, हे मलाही ठाऊक होतं.

ताडकळसला आजीबाईंनी आक्कांचा हात धरून गाडीतून उतरवलं आणि शेवटपर्यंत सोडलाच नाही. दुपारचं ऊन होतं, म्हणून धान्याची मागची खोली निवडली. खिडकी नसलेली, पोत्यांनी भरलेली. मधल्या दोन पोत्यांवर फळी टाकून मशीन ठेवलं. दार जुनं, फळ्यांमधून उजेड येत होता. काका म्हणाले, मी बाहेरून दस्ती लावून धरतो. आम्ही आत या म्हटलं, तरी आले नाहीत. दार ओढून घेतलं आणि बाहेर पाठ टेकून उभे राहिले. फटींतला उजेड गेला.

अंधारात हिरवं शून्य पेटलं. आक्का वाकल्या. त्यांचं नाक काचेला लागलं.

"काय दाबू सांगा बाई," आजीबाई म्हणाल्या. मशीन चालू झाल्यापासून त्यांचं बोट बरंच धीट झालं होतं.

"एक. मग भागाकाराचं, ते दोन टिंबं नि मधी रेघ. मग सात. मग बरोबर."

बटणं खटखटली. मी वाकून बघितलं. काचेत फक्त उजवीकडचे चार आकडे होते. शून्य, एक, दोन, पाच. बाकीच्या चार ट्यूब काळ्या. मला वाटलं, गेलं पुन्हा.

आक्का बराच वेळ तशाच वाकलेल्या होत्या. त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

"शून्य टिंब एक दोन पाच," त्या सावकाश म्हणाल्या. मग मान वर केली. "हे काय गं बाई? सात म्हणलं हुतं मी. तू आठ दाबलंस."

आजीबाईंनी चूक पकडलेल्या शाळकरी पोरीसारखा हात मागं घेतला. माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. बाहेर काकांच्या लक्षात आधी आलं असावं, कारण दार धाडकन उघडलं आणि सगळं ऊन खोलीत आलं. ते चौकटीत उभे होते. दस्ती हातातून खाली लोंबत होती आणि तोंड लहान मुलासारखं वेडंवाकडं झालं होतं.

"आक्का," ते म्हणाले. "आक्का, दिसलं तुला."

"आरं दार लाव की बापू," आक्का त्यांच्यावर खेकसल्या. "उजेडात काय दिसंना मला. अजून सातानं भागायचं ऱ्हायलंय!"

काकांनी दार लावलं, या वेळी आतून, आणि दोन्ही हातांनी दस्ती फटीवर दाबून धरली. आजीबाईंनी पुन्हा एक दाबला.